पंचांग, शिळा आणि खिळा : छोट्या छापखान्यातील आवर्ती श्रमांचा इतिहास

भारतातील यांत्रिकीकरणाचा इतिहास बहुधा गिरण्या, रेल्वे आणि गोद्या यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे, आणि स्वयंचलनाचा इतिहास तर संगणकापासूनच सुरू होतो असे गृहीत धरले जाते. या दोहोंमध्ये चार-सहा माणसांच्या बळावर चालणारा, मालक स्वतः हातांना शाई लावून घेतो असा छोटा व्यवसाय हरवून जातो. पुन्हा पुन्हा करावे लागणारे काम यंत्रावर सोपवण्याचा विचार मात्र अशाच व्यवसायांत फार लवकर, आणि कोणत्याही सिद्धांताविना, झालेला दिसतो. एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे देशी छापखाने हे त्याचे ठळक उदाहरण होय. या छापखान्यांनी पुनरावृत्तीचे श्रम नाहीसे केले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्यांनी ते श्रम एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकवले. आणि ते कोणाकडे सरकवायचे या निवडीतून लिपीचे, ग्रंथाचे आणि काही अंशी वाङ्मयाचेही रूप ठरत गेले.

प्रारंभ पंचांगापासून करणे इष्ट आहे, कारण पुनरावृत्तीचे इतके शुद्ध उदाहरण दुसरे मिळणे कठीण. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे. त्यांतील तिथी, नक्षत्र आणि योग यांच्या समाप्तीची वेळ घटी आणि पळे यांत द्यावयाची. म्हणजे दर दिवसाला किमान सहा आकडे. सुमारे ३५४ दिवसांच्या चांद्रवर्षाला ते दोन हजारांच्या वर जातात. अधिकमास आला तर आणखी पावणेदोनशे. करण हे तिथीचेच अर्ध असल्याने त्याचा हिशेब वेगळा धरलेला नाही. चौकट दरवर्षी तीच, महिन्यांची नावे तीच, सणवारांची वाक्येही बहुतांशी तीच. बदलतात ते केवळ आकडे. एक आकडा चुकला तर एकादशीचा उपवास भलत्या दिवशी घडतो.

यातील गणिताचे ओझे छापखाना येण्यापूर्वीच हलके झालेले होते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला तो ज्या-कोटिज्यांच्या किचकट आकडेमोडीवाचून ग्रहगणित करता यावे म्हणून. त्यांच्याच ‘तिथिचिंतामणी’तील सारण्या हाताशी असल्या म्हणजे वर्षभराच्या तिथी-नक्षत्रांचे गणित पुष्कळसे बेरजांवर येऊन ठेपते. सारणी हे या व्यवसायातील पहिले यंत्र होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. गावचा जोशी गणितातून बऱ्याच अंशी सुटला. नकलेतून मात्र सुटला नाही. जितक्या घरी पंचांग हवे तितक्या वेळा ते लिहून काढणे भाग होते. गणित एकदाच करावयाचे आणि नकला अनेक करावयाच्या, ही फारकत सारणीमुळे स्पष्ट झाली, आणि पुढे शिळाप्रेसने नेमका त्यातील दुसरा भाग उचलला.

मुंबईत हे काम गणपत कृष्णाजी यांनी केले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील पुस्तके पाहून त्यांना मुद्रणाची ओढ लागली. लाकडी छापयंत्र त्यांनी स्वतः बनविले, शिळा मिळविली, शाईचे प्रयोग केले आणि १८३१ मध्ये शिळेवर मराठी पंचांग छापून काढले. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात या खटपटीची हकिकत आली आहे. अ. का. प्रियोळकर यांच्या १९५८ च्या मुद्रणेतिहासानंतर गणपत कृष्णाजींचे स्थान निर्विवाद झाले. तथापि त्यांची चर्चा ‘पहिले देशी मुद्रक’ या बिरुदापाशीच थांबते. त्यांनी छपाईसाठी आरंभी काय निवडले याचा विचार त्यामानाने कमी झाला. मिशनऱ्यांनी धर्मपुस्तिका छापल्या त्या वाचक निर्माण करण्यासाठी. गणपत कृष्णाजींनी निवडलेल्या पुस्तकाला गिऱ्हाईक आधीच होते, त्याची मागणी दरवर्षी नव्याने येणार होती, आणि ते तयार करण्याचे कष्ट सर्वांना ठाऊक होते. धंद्याच्या दृष्टीने यापेक्षा शहाणपणाची सुरुवात संभवत नाही.

अडचण होती ती वेगळीच. छापलेल्या कागदाला शिवावे की नाही, असा प्रश्न सनातनी मंडळींपुढे उभा राहिला, कारण छपाईच्या शाईत चरबी असे. गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप वापरले, ही गोष्ट मुद्रणाच्या इतिहासांतून वारंवार सांगितली जाते, आणि ती बहुधा विनोदी किस्सा म्हणून. वस्तुतः ती तशी नाही. शिळाछपाईचे सारे तंत्र स्निग्ध पदार्थ आणि पाणी यांच्या परस्परविरोधावर उभे आहे. म्हणून शाईतून स्निग्धता काढून टाकणे शक्यच नव्हते, ती कशाची असावी एवढेच ठरवता येत होते. समाजाची अट आणि यंत्राची अट यांचा मेळ ज्याने घातला त्याचेच यंत्र चालले.

शिळाछपाईचे जनक आलोइस झेनेफेल्डर हे मुळात नाटककार. स्वतःची नाटके स्वस्तात छापता यावीत म्हणून अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांनी बव्हेरियात हे तंत्र शोधले. लेखकाने नकलेच्या खर्चातून सुटण्यासाठी शोधलेली ही युक्ती आशियात येऊन रुजली, कारण ती हस्ताक्षर जसेच्या तसे राखते. शिळेवर एकदा लिहावे आणि शेकडो प्रती काढाव्यात. पण ते ‘एकदा लिहिणे’ उत्तम लेखनिकाकडूनच व्हावे लागते. शिळाप्रेसने लेखनिकाला काढून टाकले नाही. शंभर वेळा लिहिण्याऐवजी त्याला एकदाच, परंतु निर्दोष लिहावयास लावले. शिळाप्रेसवरील जुनी मराठी पुस्तके पोथीसारखी आडवी, सुट्या पानांची दिसतात त्याचे कारण केवळ परंपराप्रेम नव्हे. हात पोथी लिहिणाऱ्याचाच होता.

या स्वयंचलनाची एक किंमत होती. हाताने केलेल्या नकलेतील चूक एका घरापुरती असते, छापील पंचांगातील चूक सर्व घरांत एकाच वेळी पोचते. ग्रहलाघवी गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांत पडलेले अंतर जाणत्यांना पूर्वीही ठाऊक होते; परंतु प्रत्येक जोशाचे पंचांग निराळे असताना त्यावर सार्वजनिक वाद घालणे अवघड होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी शके १७८७ मध्ये (१८६५) नॉटिकल अल्मनाकच्या आधारे नवे पंचांग सुरू केले, आणि पुढे टिळकांपर्यंत पोचलेला पंचांगशोधनाचा वाद उभा राहिला. हा वाद छापील पंचांगानंतर पेटला हा योगायोग मानता येत नाही. सर्वांसमोर एकच मजकूर आला, तेव्हाच त्याविरुद्ध बोलण्याची सोय झाली. बंगालमध्ये पंजिकेचा व्याप तर याहून मोठा होता. रेव्हरंड जेम्स लाँग यांनी १८५७ सालच्या बंगाली ग्रंथप्रकाशनाची जी गणना केली तीत एका वर्षातील पंजिकांच्या प्रती सव्वा लाखाहून अधिक भरल्या. बटतल्याच्या छोट्या छापखान्यांचा पाया कथाकादंबऱ्यांइतकाच या वार्षिक, तेच ते असणाऱ्या पुस्तकावर उभा होता, हे साहित्येतिहासात पुरेसे मांडले जात नाही.

शिळेनंतर खिळा. मुंबईच्या मुद्रणाने १८४० च्या दशकापासून हळूहळू खिळ्यांची वाट धरली. गणपत कृष्णाजींनीही स्वतः खिळे पाडविले. येथे दुसऱ्याच कामाची पुनरावृत्ती यंत्राकडे गेली. अक्षराचा आकार एकदा पोलादात कोरला की तो पुन्हा काढावा लागत नाही. मात्र शब्द जुळवणारा जुळारी दिवसभर तेच करीत राहतो: खणातून खिळा उचलायचा, ओळ भरायची, फर्मा बांधायचा, आणि छपाई झाल्यावर प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. या शेवटच्या कामाला गिऱ्हाईक पैसे देत नाही. देवनागरीत हे ओझे रोमनच्या अनेक पटींनी वाढते, कारण काना-मात्रा, रफार आणि जोडाक्षरे मिळून खिळ्यांची संख्या कित्येक शेंवर जाते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात वाढलेले टॉमस ग्रॅहम यांनी अक्षर आणि त्याची चिन्हे अलग पाडून हा पसारा आटोक्यात आणण्याचा यत्न केला. मुंबईचे घाटदार वळण या प्रयोगांतून सिद्ध झाले.

त्याच छापखान्यात जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) लहानपणी खिळे घासण्याचे काम करीत. यापेक्षा कंटाळवाणे काम छापखान्यात नसावे. पुढे १८६४ मध्ये त्यांनी टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर मुद्रणालय. हा क्रम लक्षणीय आहे: आधी हत्यार, मग माल. खिळा घासलेल्या माणसाला कोणत्या खिळ्याची झीज आधी होते, कोणता सारखा कमी पडतो, हे ठाऊक असते. स्वतःची ओतशाळा असल्याने निर्णयसागरला झिजलेल्या टाइपावर वेळ मारून न्यावी लागली नाही. राणोजी रावजी आरू यांच्या कोरीव कामाने त्या अक्षरांना डौल आला. १८८६ मध्ये सुरू झालेली ‘काव्यमाला’ आणि संस्कृत ग्रंथांच्या सुबक, स्वस्त आवृत्त्या यांमुळे हे वळण देशभर पोचले. ‘अ’ आणि ‘झ’ यांच्या कलकत्ता व बनारसकडील रूपांवर मुंबईच्या रूपांनी मात केली ती पंडितसभेच्या ठरावाने नव्हे, गिरगावच्या आसपासच्या एका कारखान्यातील कामाच्या शिस्तीने.

मोडीचे नशीब याच्या उलट. वास्तविक विल्यम केरी यांनी सेरामपूरला मराठीचा १८१० चा कोश मोडी खिळ्यांतच छापला होता; अर्थात मोडीचे खिळे पाडणे अशक्य नव्हते. परंतु हात न उचलता लिहिण्यासाठी घडलेल्या लिपीचे सुटे तुकडे करणे म्हणजे तिचा गुणच काढून घेणे होय. मोडी शिळेवर राहिली, खिळ्यांच्या खणांत तिला स्थिर जागा मिळाली नाही. तिच्या ऱ्हासाला शिक्षणखात्याची धोरणे कारण झाली, हे खरे. परंतु छापखान्याचे अर्थकारणही तिच्या बाजूचे नव्हते.

उत्तरेत उर्दूने निराळा मार्ग पत्करला, आणि येथे तुलना उपकारक ठरते. लखनौत १८५८ मध्ये स्थापन झालेल्या नवलकिशोर प्रेसचा डोलारा मुख्यत्वे शिळाछपाईवर उभा राहिला. नस्तालिकचे उतरते वळण खिळ्यांत पकडणे दुष्कर, आणि वाचकाला नस्ख टाइप रुचत नव्हता. तेव्हा उर्दूने कातिबाला ठेवले, मराठीने जुळाऱ्याला आणले. परिणामी कातिब हा उर्दू ग्रंथव्यवहारात प्रतिष्ठित कलावंत राहिला, पुस्तकावर त्याचे नाव येत असे. मराठी जुळारी मात्र अनामिकच राहिला. नस्तालिकचे यांत्रिकीकरण व्हायला १९८१ उजाडले. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो शब्दाकृती रेखाटून सिद्ध केलेले ‘नूरी नस्तालिक’ त्या वर्षी लाहोरच्या ‘जंग’ने वापरले, भारतात १९९४ पासून दिल्लीच्या ‘इनपेज’ने हे काम घरोघरच्या संगणकावर आणले. चेन्नईचे ‘द मुसलमान’ हे १९२७ मध्ये सुरू झालेले दैनिक एकविसाव्या शतकातही कातिबांच्या हातून उतरत राहिले.

विसाव्या शतकात यंत्राने लिपीकडेच सवलत मागितली. १९३० च्या दशकात हरि गोविल यांच्या प्रयत्नांनी देवनागरी लायनोटाइप आले. पण कळफलकावर मावतील इतकीच अक्षरे त्याला परवडत. ‘अ’ची बाराखडी हा सावरकरांनी पुरस्कारिलेला आणि नवजीवनच्या छपाईत दिसणारा पर्याय याच पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. १९५३ च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे नेण्याचा निर्णय केला. तो काही वर्षांतच मागे पडला. गल्लीबोळांतले ट्रेडलवाले या सुधारणांपासून अलिप्त होते. त्यांचा चरितार्थ पावतीपुस्तके, हस्तपत्रके आणि लग्नपत्रिका यांवर चाले. लग्नपत्रिकेत वधूवरांची नावे, तिथी आणि स्थळ एवढेच बदलावयाचे. बांधलेला फर्मा तसाच ठेवून चार ओळी बदलल्या की नवी पत्रिका तयार. पंचांगाची युक्ती येथे लहान प्रमाणात चालू होती. लिपी तोडण्यापेक्षा फर्मा राखणे त्यांना स्वस्त पडले, आणि जुनी जोडाक्षरे या दुकानांच्या खणांत सुरक्षित राहिली.

ती खणे १९८५ नंतरच्या पंधरा वर्षांत रद्दीच्या भावाने विकली गेली. पुण्यातील ‘सी-डॅक’ (स्थापना १९८८) आणि खासगी कंपन्यांचे मराठी फाँट यांनी जुळाऱ्याचे काम संपवले. प्रौढ वयातील जुळाऱ्यांपैकी काहींनी कळफलक शिकला, पुष्कळांनी धंदा सोडला. त्यांच्या कौशल्याची व्यवस्थित नोंद कोणी करून ठेवली नाही, ही मराठी ग्रंथेतिहासातील मोठी उणीव होय. नव्या व्यवस्थेत अक्षर पुन्हा परतवावे लागत नाही, चौकट एकदा आखली की हजारो नावे तीत आपोआप भरता येतात. पण १९९१ ची ‘इस्की’ ही प्रमाणसंहिता उपलब्ध असूनही प्रत्येक कंपनीने आपल्या फाँटची अक्षरयोजना निराळी ठेवली. एका फाँटमध्ये टंकलेला ग्रंथ दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हांची रास होते. युनिकोड रुळल्यानंतर गेल्या शतकअखेरीचे मजकूर रूपांतरित करण्याचे काम छोट्या अक्षरजुळणी केंद्रांकडे आले. रूपांतर करणारा प्रोग्रॅम बहुतेक मजकूर सोडवतो. रफार, ऱ्हस्व इकार आणि दुर्मीळ जोडाक्षरे मात्र सरकतात. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढून ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे ठरवून दिली. अनेक फाँटमध्ये तोवर हिंदीतील रूपेच पूर्वनियोजित होती. त्यामुळे रूपांतरानंतर मूळ छापील प्रत शेजारी ठेवून, ओळीवर बोट ठेवत, एकेक अक्षर ताडून पाहावे लागते, आणि पंचांगाचे पान असेल तर घटी-पळांचा एकेक आकडाही.