ब्राह्मी : एक नांव, दोन वनस्पति



कोल्हापूर ही विद्यार्थ्यांची नगरी. १९०१ सालीं येथें ‘व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग’ निघालें. त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान, दलित अशा नाना समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहें उभीं राहिलीं. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें आणि मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. अशा नगरींत परीक्षा जवळ आल्या कीं घरोघरीं ब्राह्मीची आठवण व्हावी, हें साहजिक आहे. पण ब्राह्मी मागितली असतां हातीं नेमकें काय पडतें, हें सहसा कोणी पाहत नाहीं.

चरकसंहितेंत मेधा वाढविणारीं चार रसायनें सांगितलीं आहेत : मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचें चूर्ण, गुळवेलीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क. या चारांत ब्राह्मी नाहीं. ब्राह्मीघृत चरकानें अपस्मारावर योजिलें आहे. सुश्रुतानें मंडूकपर्णी व ब्राह्मी यांचे प्रयोग वेगवेगळे दिले आहेत. अर्थात् प्राचीन वैद्यांच्या दृष्टीनें या वनस्पति दोन होत्या.

पुढें लोकव्यवहारांत नांवांची सरमिसळ झाली. बंगाल व केरळ या प्रांतांत ब्राह्मी म्हणजे ‘बॅकोपा मोन्निएरी’. ती पाणथळ जागीं पसरते, तिचीं पानें बारीक व मांसल, फुलें निळसर पांढरीं. आपण तिला जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी म्हणतों. महाराष्ट्रांत ब्राह्मी या नांवानें बहुधा ओळखला जातो तो कारिवणा, म्हणजेच मंडूकपर्णी, ‘सेंटेला एशियाटिका’. घाटमाथ्याकडील ओलसर सावलींत आढळणारी ही वेल कोथिंबिरीच्या कुळांतली. तिचें पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचें. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर व मेजर बसु यांच्या १९१८ च्या वनौषधिग्रंथांत या दोहोंचें वर्णन स्वतंत्रपणें आलें आहे. बाजारांतला घोळ मात्र टिकून राहिला.

हा घोळ केवळ शब्दांचा नव्हे. १९६० नंतरच्या दशकांत लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेंत जलब्राह्मींतील ‘बॅकोसाइड’ या द्रव्यांवर काम झालें. २००२ सालीं ऑस्ट्रेलियांत चाळीस ते पासष्ट वर्षांच्या ७६ व्यक्तींवर तीन महिने प्रयोग करण्यांत आला. जलब्राह्मी घेणाऱ्यांचा शिकण्याचा वेग वाढला नाहीं. नवीन शिकलेलें विसरण्याचा वेग तेवढा मंदावला. उलट मंडूकपर्णीवरील प्रयोगांचा २०१७ सालीं जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यांत स्मृति किंवा बुद्धि सुधारल्याचा खात्रीचा पुरावा आढळला नाहीं. चित्ताची तरतरी वाढल्याचें मात्र दिसलें.

यांतून पालकांनीं तीन गोष्टी ध्यानीं घ्याव्या. दुकानीं नुसतें नांव सांगून भागत नाहीं. पान ओळखावें, अथवा बाटलीवरील शास्त्रीय नांव वाचावें. दुसरें, जो गुण दिसला तो तीन महिन्यांनीं आणि तोही प्रौढांत. परीक्षेच्या आठवड्यांत पाजलेल्या चमच्याकडून त्याची अपेक्षा धरणें व्यर्थ होय. तिसरें, जलब्राह्मीनें कित्येकांचें पोट बिघडतें. म्हणून मुलांस ती देण्यापूर्वीं जाणत्या वैद्याचा सल्ला घ्यावा. आणि अभ्यास स्मरणांत मुरण्यासाठीं रात्रीची पुरेशी झोप हवी. ती मोडून कोणतेंहि रसायन देण्यांत अर्थ नाहीं.