लेनर्ड स्किनर्डच्या मंचामागचा झेंडा
फ्लोरिडातल्या लेनर्ड स्किनर्ड बँडच्या मंचामागे १९७०च्या दशकात झळकणारा, तांबड्यावर निळी तारांकित फुली असलेला झेंडा म्हणजे अमेरिकी यादवीत गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचा रणध्वज. हा निव्वळ मातीचा अभिमान, असे चाहते म्हणतात. त्यांच्या मनात द्वेष नसेलही. पण १९४८मध्ये नागरी हक्कांच्या विरोधकांनी तोच फडकवला, आणि शाळांतला वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्यावर, १९५६मध्ये, जॉर्जियाने तो राज्यध्वजात घातला. चाहत्यांच्या सद्‌हेतूने हे पुसले जात नाही. रॉक गायक टॉम पेटीही दक्षिणेचाच. १९८५च्या दौऱ्यात हा झेंडा वापरल्याबद्दल त्याने २०१५मध्ये जाहीर खेद व्यक्त केला. बरे, झेंड्याविना दक्षिण गाता येत नाही म्हणावे, तर जॉर्जियात स्थिरावलेल्या ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडमध्ये जेमो हा कृष्णवर्णीय ड्रमर पहिल्यापासून होता; दक्षिणेचा सूर केवळ गोऱ्यांचा नव्हता.