नाव घेऊन केलेले स्वागत

सदस्यनाम आणि परवलीचा शब्द देऊन आपण एखाद्या संकेतस्थळावर प्रवेश करतो आणि वरच्या कोपऱ्यात आपलेच नाव घेऊन आपले स्वागत होते. ह्या आगतस्वागताचा इतिहास पाहू जाता त्यात स्मरणापेक्षा विस्मरणाचाच भाग मोठा आहे, असे आम्हांस वाटते.

एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे म्हणून अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांनी १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली करून दाखवली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात ह्यासाठी तेथे परवलीचे शब्द आले. आत येणाऱ्यास त्या दिवसाचा निरोप दिसे. तो सर्वांना एकच, कचेरीतल्या सूचनाफलकासारखा. एके दिवशी ह्या निरोपाच्या जागी चक्क सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी झळकू लागली! एक व्यवस्थापक निरोप बदलत होता, दुसरा परवलीच्या शब्दांची फाईल. दोघांच्या तात्पुरत्या फायलींना एकच नाव मिळाले आणि अदलाबदल झाली. पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात खुद्द कॉर्बाटो यांनीच ही हकीकत सांगितली.

महाजालाची अडचण निराळी होती. पान पाठवून झाले की पाठवणारा संगणक मागणाऱ्यास विसरतो, अशीच त्याची मूळ घडण. पुढचे पान मागणारा तोच की आणखी कोणी, हे त्याला कळावे कसे? १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी ह्यावर 'कुकी'ची तोड काढली. संकेतस्थळ न्याहाळकाच्या हाती एक चिठ्ठी देते आणि न्याहाळक दर वेळी ती परत दाखवतो. नेटस्केपच्या स्थळावर आलेला वाचक पूर्वी येऊन गेला आहे काय, एवढे पाहण्यासाठीच ती प्रथम वापरली गेली. थोडक्यात, यजमानाने आपली आठवण पाहुण्याच्याच खिशात ठेवली.

आपल्याकडे पत्राच्या मायन्यात नुसते नाव कधी पुरले नाही. ती., चि., सौ. की श्रीयुत, हे ठरवण्यास नाते ठाऊक असावे लागे. यंत्राला 'आलास' म्हणावे की 'आलीस' हेही ठाऊक नसते. ते बापडे 'स्वागत' ह्या निरुपद्रवी नामाचा आसरा घेते.

तरीही असे स्थळ त्यातल्या त्यात सरळ म्हणावे. आपल्याला ओळखले आहे, हे ते निदान सांगते. जाहिरातदारांनी ह्याच चिठ्ठ्या वापरून स्थळास्थळांवर वाचकाचा माग काढला, तो मात्र मुकाट्याने. आरंभीच्या न्याहाळकांनीही वाचकाला न विचारता त्या खिशात घालून घेतल्या. बोभाटा झाला तो १९९६ मध्ये वृत्तपत्रांतून.

आणि ओळख पटते ती चिठ्ठीची, माणसाची नव्हे. सायबर कॅफेत आधीचे गिऱ्हाईक बाहेर पडण्याची कळ न दाबता उठून गेले, की त्या खुर्चीत बसणाऱ्या पुढच्या अनोळखी माणसाचे स्वागत त्याच्याच नावाने होई, आणि त्याची पत्रेही उघडी असत.