ध्वनिशामक, शिकारी रायफलीचा

रायफलीच्या नळीच्या तोंडावर बसवावयाचे, बाराचा आवाज कमी करणारे नळकांडे. बार होताच गोळीमागून उच्च दाबाचा तप्त वायू एकदम बाहेर पडतो व दणका होतो. ध्वनिशामकातील एकामागून एक असलेल्या कप्प्यांत हा वायू अडतो, प्रसरण पावतो व निवून सावकाश बाहेर येतो. आवाज मात्र नाहीसा होत नाही. गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाहून (सु. ३४० मी. प्रतिसेकंद) अधिक असल्यास तिच्या मार्गावरचा कडाका तसाच राहतो. चित्रपटांतील हलक्या फुसकाऱ्याशी शिकारी रायफलीचा फारसा संबंध नाही.

हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्याने १९०९ मध्ये या साधनाचे एकस्व मिळविले. मॅक्सिम मशीनगनचे जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे त्याचे वडील. बापाच्या यंत्राने रणांगणे दणाणली आणि मुलाने बाराचा आवाज दाबण्याचा उद्योग आरंभिला! त्या काळी दट्ट्याच्या (बोल्ट) रायफलीवर दुर्बीण क्वचितच असे. मागची खाच व पुढची माशी एका रेषेत आणून नेम धरीत. जाड नळकांडे नळीच्या मध्यरेषेवर बसविल्यास ते माशीच्या आड येई. यावर मॅक्सिमने काढलेली तोड साधी होती : गोळीचे भोक मध्यात न ठेवता वरच्या कडेशी घेतले, त्यामुळे नळकांड्याचा बराच भाग नळीखाली राहिला व नेमाची रेषा मोकळी झाली. नळीच्या टोकाला वजन आल्याने गोळी लागण्याची जागा सरकण्याची अडचण मात्र उरलीच.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ याने आवाज वा झोत कमी करणाऱ्या उपसाधनाचा समावेश ‘अग्निशस्त्र’ या व्याख्येतच केला. घोडा नाही, गोळी नाही, तरीही हे रिकामे नळकांडे कायद्याच्या दृष्टीने बंदूकच ठरते. याच अधिनियमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. आंबेगाव तालुक्यातील कळंबसारख्या पुणे–नाशिक मार्गावरील गावातल्या राखणदाराला मूक बंदुकीचा उपयोग तरी काय? रानडुकरे आवाजानेच पळतात. बार जितका मोठा तितकी राखण चांगली.

शिकारीचा प्रश्न वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याने निकालात काढला. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस वाढला आणि त्यात बिबट्याने ठाण मांडले. मनुष्य व जनावरे बळी पडतात तेव्हा गावकऱ्यांचा रोष होतो व तो अकारण नाही. परंतु अनुसूची १ मधील या प्राण्याला मारण्याची परवानगी, तो मानवी जीविताला धोकादायक ठरल्यास, मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतो. एरवी पिंजरा लावतात किंवा भूल देतात. पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नर तालुक्यात माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे. भुलीची सुई फेकणारी बंदूक बहुधा संकुचित वायूवर चालते. तिचा आवाज मुळातच कमी असल्याने तिला ध्वनिशामक लागत नाही.