टर्बोचा भाता आणि एका इंजिनियरचा नकार

महाप्राण व्यंजनं शिकवताना मी मुलांना तोंडासमोर तळहात धरायला सांगतो. आधी ‘क’ म्हणा, मग ‘ख’ म्हणा. ‘ख’ म्हटलं की हाताला वारा लागतो. उर्दूत हेच काम दोचश्मी हे करते. इंग्रजीत अशा उच्चाराला ॲस्पिरेटेड म्हणतात, आणि मोटारींच्या वेडापायी मला हा शब्द दुसरीकडेही भेटतो: नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिन. म्हणजे आपल्याच दमावर श्वास घेणारं इंजिन. पिस्टन खाली जातो, पोकळी होते, बाहेरची हवा आत ओढली जाते.

टर्बोचं इंजिन तसं नाही. त्याच्याजवळ लोहाराचा भाता असतो. जळून बाहेर पडणाऱ्या वायूच्या झोतावर एक चक्र फिरतं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. जास्त हवा आली की जास्त इंधन जाळता येतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीनं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. पुढे ती जहाजांत, विमानांत आणि ट्रकमध्ये रुजली. आपल्याकडच्या कितीतरी ट्रकवर ‘टर्बो’ असं ऐटीत लिहिलेलं असतंच. दोष एवढाच की पाय दाबल्यावर झोत वाढून चक्र वेग घेईपर्यंत मधला एक क्षण रिकामा जातो. ट्रकला ते चालतं. वळणातून बाहेर पडणाऱ्या स्पोर्ट्स कारला तोच क्षण महागात पडतो. शिवाय वायूच्या वाटेत चक्र आल्यामुळे आवाजही दबतो.

शौकिनांमध्ये हा वाद आवडीनिवडीचा म्हणून चालतो. पण इतिहास चाळला तर दिसतं की निवड बऱ्याचदा नियमांनी आणि करांनी केली.

फॉर्म्युला वनमध्ये १९६६पासून नियम होता: साधं इंजिन तीन लिटरचं, भात्याचं इंजिन दीड लिटरचं. दीड लिटरचा पर्याय अकरा वर्षं कुणी मनावरच घेतला नाही. १९७७ साली सिल्व्हरस्टोनला रेनॉ टर्बो घेऊन उतरली आणि गाडी अर्ध्यातच बंद पडली. ती इतक्यांदा धूर सोडत थांबायची की लोक तिला पिवळी किटली म्हणू लागले. १९७९ साली दिजाँला याच रेनॉनं शर्यत जिंकली, आणि मग हसणारे स्वतःच टर्बो शोधत फिरू लागले.

इटलीत तर कर आडवा आला. दोन लिटरवरच्या गाडीला ३८ टक्के मूल्यवर्धित कर, त्याखाली साधारण निम्मा. म्हणून फेरारीनं १९८० साली दोन लिटरची २०८ काढली. ताकद १५५ हॉर्सपॉवर, म्हणजे फेरारीच्या नावाला लाजच. १९८२ साली तिला टर्बो जोडला आणि ताकद २२०वर गेली. फेरारीची रस्त्यावरची पहिली टर्बो गाडी ही अशी करापायी जन्मली. तिच्यामागून २८८ जीटीओ आली, आणि १९८७ साली एफ४०, एन्झो फेरारींनी स्वतः पसंती दिलेली शेवटची गाडी.

पण मला सगळ्यांत रस आहे तो गॉर्डन मरे या माणसात. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा. १९८३ची ब्रॅभम बीटी५२ त्यानं आखली. तिचं दीड लिटरचं टर्बो इंजिन बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशनं, तेही रस्त्यावरच्या साध्या चार सिलिंडरच्या ब्लॉकवरून, केलेलं. शेवटची शर्यत मरेच्याच देशात, क्यालामीला. रेनॉचा प्रोस्ट दोन गुणांनी पुढे होता. त्याचा टर्बो गेला, ब्रॅभमचा पिके तिसरा आला आणि जगज्जेता झाला. टर्बो गाडीतून जगज्जेता होणारा तो पहिला चालक. ज्या रेनॉनं हे यंत्र आणलं, तिला त्यानंच दगा दिला.

१९८८ साली मरे मॅक्लारेनमध्ये होता. होंडाच्या टर्बो इंजिनावर त्या संघानं सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. हरली ती एकच, इटलीतली मॉन्झाची. परतताना मिलानच्या विमानतळावर विमानाला उशीर झाला. मरे, रॉन डेनिस, सौदी-फ्रेंच उद्योजक मन्सूर ओज्जेह आणि क्रेटन ब्राऊन असे चौघे रिकामे बसले होते, आणि तिथे रस्त्यावरची सर्वोत्तम स्पोर्ट्स कार बनवायची गोष्ट निघाली. ओज्जेहच्याच कंपनीनं त्याआधी मॅक्लारेनसाठी पोर्शेकडून टर्बो इंजिन करवून घेतलं होतं. टर्बोचे एवढे जाणकार एका बाकावर सापडणं कठीण. तरीही मरेनं टर्बोला साफ नकार दिला. पाय दाबताच उत्तर मिळालं पाहिजे, हा त्याचा हट्ट.

होंडा तयार झाली नाही. मरे रोशकडे गेला. त्यानं मागितले ५५० हॉर्सपॉवर, रोशनं दिले ६२७. सहा लिटरचं, बारा सिलिंडरचं, आपल्या दमावर श्वास घेणारं इंजिन. १९८३चा टर्बो विजेता घडवणाऱ्या त्याच दोघांनी हे केलं, यापेक्षा मोठी साक्ष मला सापडत नाही.

त्याच काळात जॅग्वारनं बारा सिलिंडरची एक्सजे२२० दाखवून ग्राहकांकडून अनामत घेतली आणि १९९२ साली हातात दिली सहा सिलिंडरची टर्बो गाडी. काही ग्राहक कोर्टात गेले. मंदीमुळे अनेकांना पैसे मोकळे करायचे होते हेही खरं, पण गाडी वाईट नव्हती. मुळात मागितली होती ती ही नव्हती. इकडे मॅक्लारेन एफ१नं १९९५ साली ल मान्स जिंकली आणि १९९८ साली ताशी ३८६ किलोमीटर गाठले. २००५पर्यंत तिला कुणी गाठू शकलं नाही.

पुढे युरोपात कार्बन उत्सर्जनाचे नियम आवळत गेले. छोटं टर्बो इंजिन चाचणीत कमी इंधन पितं. २०१५ साली फेरारीनं ९००० फेऱ्यांपर्यंत गाणारी ४५८ थांबवून ४८८ आणली: इंजिन लहान, टर्बो दोन, ताकद शंभर हॉर्सपॉवरनं जास्त. गंमत म्हणजे तिचा पूर्ण जोर फक्त सातव्या गिअरमध्ये मिळतो. खालच्या गिअरांत संगणक तो मुद्दाम आवरतो, चालकाला जुन्या इंजिनासारखं वाटावं म्हणून! आधी भाता लावायचा, मग तो नसल्याचं सोंग आणायचं. टर्बोच्या पुरस्कर्त्यांनी याचं उत्तर द्यावं.

रोश २०१६ साली गेला. मरेनं २०२०मध्ये टी.५० दाखवली. चार लिटरही नसलेलं, कॉसवर्थनं बनवलेलं बारा सिलिंडरचं इंजिन, मिनिटाला १२,१०० फेऱ्या मारणारं. टर्बो नाही. गाड्या फक्त शंभर.