नाणेघाटातील अंक आणि एकोणीस एकांची मूळ संख्या

आंबेगाव तालुक्यातील तळेघरच्या उत्तरेस, सह्याद्रीच्याच माथ्यावर, नाणेघाटाचे लेणे आहे. तेथील इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील सातवाहन लेखात यज्ञांच्या दक्षिणा अंकांनी नोंदविल्या आहेत. त्यांपैकी २४,४०० कार्षापणांची राशी वीस हजार, चार हजार व चारशे यांच्या चिन्हांनी लिहिलेली आढळते. या पद्धतीत शून्य नाही; शतक, दशक व एकक यांची चिन्हे निरनिराळी. म्हणजे १११ लिहावयाचे तर तीन भिन्न चिन्हे योजावी लागतील.

स्थानमूल्याच्या पद्धतीत हीच संख्या एका चिन्हाच्या आवृत्तीने सिद्ध होते. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांच्या ‘डेम्लो’ संख्या याच आवृत्तीतून निघाल्या. १११ चा वर्ग १२३२१ ही त्यांपैकी एक होय. केवळ एकांनी बनलेल्या संख्यांपैकी ११ मूळ आहे. एकांची गणना संयुक्त असल्यास संख्याही संयुक्तच असते : सहा एकांच्या संख्येस ११ व १११ या दोहोंनी भाग जातो. व्यत्यास मात्र खरा नाही. पाच एकांची संख्या ४१ × २७१ इतकी आहे. ११ नंतरची मूळ संख्या थेट एकोणीस एकांची.

एकांची ओळ हा लेखनाचा गुण, मूळत्व हा संख्येचा. नाणेघाटाच्या चिन्हांनी लिहिली असती तरी ती राशी अभंगच राहिली असती. तिच्याकडे लक्ष वेधणारी खूण तेवढी उरली नसती. अंकलेखन संख्येचे गुण घडवीत नाही. त्यांविषयी कोणते प्रश्न सुचावेत, हे मात्र ते ठरविते.