मिक्सडाउन
मिक्सडाउन : ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधील वेगवेगळ्या ट्रॅकवरचे गायन व वाद्ये एकत्र करून एकच अंतिम फाइल काढण्याची क्रिया. स्टुडिओतली सारी मेहनत या शेवटच्या पायरीवर वाया जाऊ शकते.

पहिला प्रश्न सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले जातात त्याचा. प्रकल्प ज्या दराने ध्वनिमुद्रित झाला, त्याच दराने फाइल काढावी. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचे प्रमाण ४४.१ किलोहर्ट्झ व १६ बिट आहे. व्हिडिओसाठी सहसा ४८ किलोहर्ट्झ वापरतात.

दुसरा प्रश्न बिटचा, म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने नोंदवला जातो त्याचा. १६ बिटमध्ये सर्वांत मंद ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, २४ बिटमध्ये सुमारे १४४. म्हणून मास्टरिंगला, म्हणजे प्रसिद्धीपूर्वी फाइलवर होणाऱ्या संस्काराला, २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट वेव्ह फाइल द्यावी. २४ वरून १६ बिटवर उतरताना ‘डिदर’ म्हणजे अतिशय मंद गोंगाट मिसळतात. त्यामुळे विरत जाणारा तानपुऱ्याचा झणकार खरखरीत होत नाही. डिदर एकदाच, अगदी शेवटी द्यावा.

१६ किंवा २४ बिट फाइलमध्ये शून्य डेसिबल या कमाल पातळीपलीकडचे शिखर छाटले जाते. एमपी३सारख्या रूपांतरात शिखरे आणखी उंचावू शकतात. म्हणून ट्रू पीक, म्हणजे नमुन्यांच्या मधली उंचीही धरून मोजलेले खरे शिखर, उणे १ डेसिबलच्या आत ठेवतात.

एमपी३ने वगळलेला तपशील पुन्हा वेव्ह केल्याने परत येत नाही. मूळ वेव्ह फाइल कायम जपून ठेवावी.